दसऱ्याचा शब्द, माघातला भाव

“पाकीट देखणं आहे गं, पण पाकीट म्हणजे मंजुरी नव्हे. पुढे तारखेचा घोळ होणार बघ. लक्ष ठेव.”

नीलिमाताईंनी हे सईच्या कानात सांगितलं तेव्हा चाकणच्या त्या कारखान्यात दसऱ्याची पूजा चालली होती. लोखंडी पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसला झेंडूचा हार, हातोड्यांना हळदकुंकू, पेढ्यांचे खोके, आणि सगळे उभे असताना आठवा महिना लागलेली सई तेवढी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मालक दत्तोबा अण्णा आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकेक करून पुढे बोलवत होते आणि हातात पाकीट ठेवत होते. पाकिटावर आपट्याचं पान चिकटवलेलं आणि आत अण्णांचा शब्द: तीन वर्षं कंपनीत टिकलात, तर कंपनीचे शेअर तुम्हाला स्वस्त दरात घेता येतील. पगाराच्या वरचा पगारच तो.

“ताई, सणाच्या दिवशी तरी हिशोब सोडा हो,” सई हसून म्हणाली. तेवढ्यात बाळानं आतून लाथ मारली, कुणीतरी पेढा पुढे केला आणि विषय तिथंच राहिला.

नीलिमाताई म्हणजे अकाउंट्स खात्यातलं सगळ्यात जुनं माणूस. सई कॉलेजातून नवीनच आली तेव्हा त्यांनीच तिला हाताखाली घेतलं होतं. “मी जावयासारखं वागवत नाही, सुनेसारखं राबवते,” असं पहिल्याच दिवशी सांगून. मार्चअखेर त्या निवृत्त झाल्या. सई तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. निरोपाच्या कार्यक्रमालाही तिला जाता आलं नाही.

मे महिन्यात सई कामावर परतली. पिंपळे सौदागरहून कंपनीची बस मोशीमार्गे चाकणला पोचेपर्यंत तिची नजर फोनवरून हलायची नाही. घरी लेकीला, इराला, सांभाळायला यशोदाबाई होत्या. बीडकडच्या, तीन लेकरं वाढवलेल्या, मायाळू. तरी सईच्या जिवाला घोर लागलेलाच. खिमट गरम तर नसेल ना? पाळण्याची कडी नीट बसली असेल ना? बस चौकात अडकली की वाटायचं, आपण हिला सोडून नेमकं कशासाठी चाललोय?

आणि कशासाठी, तर टॅक्सीची बिलं तपासायला.

“थोडे दिवस हलकं काम कर, सई,” असं खात्याचे प्रमुख जयदीप सर म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता, काळजीनंच म्हणाला होता. पण हलकं काम म्हणजे काय, हे रजेवरून परतलेल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. कंपनी आपले शेअर बाजारात आणणार होती. त्यासाठी सगळा हिशोब नव्यानं, नियमाबरहुकूम मांडायचा होता. या कामासाठी सईनं दोन वर्षं तयारी केली होती. ते आता पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीकडे गेलं होतं, आणि सईकडे टॅक्सीची बिलं. ते काम परत हातात आलं नाही, तर आपली खुर्ची नावापुरतीच उरणार, हे तिला दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात जयदीप सरांनी तिच्या टेबलावर एक फाइल ठेवली. “सल्लागारांनी शेअरच्या योजनेचा हिशोब पाठवलाय. गुरुवारी ऑडिटर येणार आहेत. फक्त बेरजा बघ.”

दुपारी ती फाइल घेऊन सई प्रथमोपचाराच्या खोलीत गेली. बाळासाठी दूध काढून ठेवायला कंपनीत तेवढीच एक जागा होती. एक खाट, एक छोटा फ्रिज आणि आतून लागणारी कडी. सबंध कारखान्यात दाणदाण प्रेस चालू असताना तिथं काय ते शांतपणे वाचता यायचं. बेरजा बरोबर होत्या. पण बेरजांच्या वर लिहिलेली तारीख बघून तिचा हात थांबला.

दसरा.

सल्लागारांनी त्या शेअरच्या हक्काची किंमत दसऱ्याच्या दिवशीची धरली होती. पण या योजनेला भागधारकांची मंजुरी लागते, आणि ती मिळाली होती माघात. मधल्या काळात मुंबईच्या एका मोठ्या गुंतवणूकदारानं कंपनीत पैसा घातला होता. दसऱ्याला अडीचशेच्या आत असलेला शेअर माघात चारशेच्या वर गेला होता. आणि नियम सांगतो, असल्या मोबदल्याची किंमत ठरते ती, देणं मंजुरीसकट ज्या दिवशी पक्कं होतं त्या दिवशी. पाकीट हातात पडलं त्या दिवशी नव्हे.

सईला पेढ्याचा वास आल्यासारखं वाटलं. ‘पाकीट म्हणजे मंजुरी नव्हे.’ ताईंनी अख्खं भविष्य कानात सांगून ठेवलं होतं आणि आपण पेढा खात बसलो.

“सर, तारीख चुकलीय,” तिनं जाऊन सांगितलं.

जयदीप सरांनी चष्मा काढला. “अगं, शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहितीये, दसऱ्याला दिले म्हणून. मलाही मिळालंय की पाकीट! आता कुठं वरातीमागून घोडं आणतेस?”

“घोडं नाही, सर. वरातच माघात निघालीय.”

त्यांना हसू आलं, पण लगेच विरलं. “खर्च वाढेल. नफा कमी दिसेल, तोही शेअर बाजारात यायच्या तोंडावर. अण्णांना कोण सांगणार?”

“मी सांगते.”

“आणि चुकलीस तर?”

“तर टॅक्सीची बिलं आहेतच, सर.”

हे आपण बोललो की दुसरं कुणी, असं वाटून सईलाच क्षणभर धडकी भरली. पण शब्द तोंडातून गेला होता.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत एका बाजूला ऑडिटर, मधे जयदीप सर आणि टोकाला पांढऱ्या टोपीतले दत्तोबा अण्णा. महाळुंग्याच्या पत्र्याच्या शेडमधे एका जुन्या प्रेसवर सुरुवात केलेला हा माणूस. हाताला अजून घट्टे होते आणि इंग्रजी कागद कुणीतरी मराठीत सांगितल्याशिवाय तो सही करत नसे.

सईनं मुद्दा मांडला. अण्णांचा चेहरा तांबारला.

“पोरी, मी दसऱ्याला शब्द दिला. देवाम्होरं दिला. आन तू म्हनतीस, तारीख माघाची? उद्या लोक म्हनतील, दत्तोबानं शब्द फिरवला. ह्ये मला जमायचं न्हाई.”

सईच्या पर्समधे फोन थरथरला. यशोदाबाईंचाच असणार. एरवी तिनं श्वास घ्यायच्या आधी फोन पाहिला असता. आज तिनं पर्स खुर्चीखाली सरकवली.

“अण्णा, एक विचारू?”

“इचार की.”

“समजा, दसऱ्याला तुम्ही सुनेला सोन्याच्या पाटल्या कबूल केल्या. म्हणालात, घरच्यांची संमती झाली की देईन. घरातले सगळे ‘हो’ म्हणाले माघात. मग तुम्ही पाटल्या आणून दिल्या. शब्द कधीचा?”

“दसऱ्याचा. त्यात काय इचारायचं?”

“आणि पाटल्यांची किंमत सांगताना सोन्याचा भाव कुठला धराल?”

अण्णांनी टोपी जरा मागे सरकवली. “भाव... माघातला. आनली तवाचा.”

“बस, एवढंच. तुमचा शब्द दसऱ्याचाच राहणार. पाकिटातलं अक्षरसुद्धा बदलायचं नाही. आणि तुमच्या शब्दावर विसंबून साहेब लोक दसऱ्यापासून कामाला लागले, म्हणून खर्चही दसऱ्यापासूनच मोजायला घ्यायचा. मंजुरी होईपर्यंत अंदाजानं धरायचा, माघातला भाव कळला की तो अंदाज दुरुस्त करायचा, आणि तीन वर्षांत विभागून दाखवायचा. बदलायचा तो फक्त भाव.”

“पन मला ह्ये सांग,” अण्णा पुढे वाकले. आता आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. “माज्या खिशातनं एक रुपाया भाईर जात न्हाई. मंग खर्च कसला लावता तुमी लोक?”

“अण्णा, त्यांची तीन वर्षांची मेहनत आपण घेणार. तिचा मोबदला नोटांऐवजी शेअरनं देणार. फुकट घेतली नाही, मग हिशोबात फुकट कशी दाखवायची? आणि मधेच कुणी सोडून गेलं, तर त्याच्या नावचा खर्च परत फिरवता येतो.”

अण्णांनी जयदीप सरांकडे पाहिलं. “म्हंजी भाव माघातला धरला, तर कागदावर ही मानसं जास्त किमतीची दिसनार?”

“हो, अण्णा. नफा मात्र कमी दिसेल.”

“दिसूं दे!” अण्णांनी टेबलावर थाप मारली तशी बशीतली बिस्किटं उडाली. “नफा पुढल्या वर्साला कमवू. माजी मानसं मला वाटली त्याच्यापरीस महाग हायती, ह्ये एकदा कागदावर येऊं दे. आन जयदीपराव, तुमी लई फुगू नगा!”

सगळे हसले. ऑडिटरनं पेन खाली ठेवलं. “खरं सांगू का, आमच्या यादीत पहिला प्रश्न हाच होता. तुमच्या उत्तराची वाट बघत होतो. हिशोबाखाली याची टीप कोण लिहिणार?”

जयदीप सर उत्तर द्यायला थांबले नाहीत. “सई लिहील. शेअर बाजाराचं सगळं कामच सई बघेल. टॅक्सीची बिलं मी बघतो.”

सई बाहेर व्हरांड्यात आली तेव्हा समोर वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि पत्र्याआड तोच मोठा प्रेस धडधडत होता. त्या आवाजानं रोज तिचं डोकं उठायचं. आज तिला वाटलं, हा आपला आहे. त्याचा प्रत्येक ठोका कुठल्या रकान्यात जाऊन बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. एकदा इराला इथं आणायचं आणि सांगायचं, बघ, तू पोटात होतीस तेव्हा इथंच लाथ मारलीस आणि ताईंचा विषय तिथंच राहिला.

फोन काढून घरी लावला. यशोदाबाईंचा आवाज: “ताई, काही काळजी करू नका. इरानं वाटीभर खिमट संपवलंय, आता खेळायलंय लेकरू. तुमी डबा खाल्लाव का न्हाई?”

खाल्ला नव्हता. सई हसली आणि डोळे पुसले. मग तिनं नीलिमाताईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. संध्याकाळी बसमधून लावला, तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. ताईंची ती जुनी खोडच. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा आणि आपण बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसायचं. पण एप्रिलमधे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि घरात दुसरं कुणी नाही. रविवारी सई ताईंच्या घरी निघणार होती, तर इराला ताप आला. आता ती टीप, ती फाइल आणि डोळ्यांत तेल घालून बघावं असं लेकरू, यांतून देहूरोडला जायला तिला सवड होईपर्यंत आठवडा जाईल, आणि तिच्या मनात नाही नाही ते येत राहील.

तेव्हा सईचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही देहूरोडकडचे असाल, किंवा लोकलनं त्या बाजूला जाणार असाल, तर स्टेशनजवळच्या गल्लीत तळमजल्यावर, निळ्या दाराच्या घरात जरा डोकावून याल का? बेल बिघडलेली आहे, कडी वाजवा. दार उघडायला वेळ लागेल, तेवढं थांबा. सईनं पाठवलंय म्हणून सांगा. भाव माघातलाच धरला, एवढं म्हटलं की त्यांना सगळं कळेल. आणि गुडघा कसा आहे, दोन्ही वेळा जेवतात का, तेही विचारा.