चिमट्यावरची हळद

मित्रांनो, मला पाहून कुणाचाही ऊर भरून येणार नाही, हे मला ठाऊक आहे. बोटाएवढी हिरवी पट्टी, एका टोकाला संगणकाला जोडायची यूएसबी पिन, दुसऱ्या टोकाला वायरींचा झुपका आणि त्याला लटकणारा काळा चिमटा. मी एक जुना प्रोग्रॅमर आहे. माणूस नव्हे, यंत्र. आजकाल बहुतेक यंत्रांच्या पोटात एक चिप असते आणि आपण काय काम करायचे, हे यंत्राला तीच सांगते. तिच्यातले लिहिलेले बिघडले, की यंत्र ठार वेडे होते. मग मी तिचे पाय चिमट्यात धरतो, आतले वाचतो, पुसतो आणि नव्याने लिहितो.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. भावंडे इतकी, की नाव ठेवायला कुणाला सवड नव्हती. पण नशीब थोर, म्हणून गिरगावात, खोताच्या वाडीत फ्लॅविया आंटींच्या टेबलावर आलो. लाकडी जिन्याखालच्या खोलीत त्या यंत्रे दुरुस्त करतात. त्यांचा नियम एकच, आधी वाचायचे, मगच पुसायचे. तेही दोनदा वाचायचे. दोन्ही वाचने तंतोतंत जुळली, तरच आंटी पुढे सरकत. मला ही म्हातारपणाची किरकिर वाटे. एकदा वाचले ना, झाले की!

एका दुपारी लालबागचा हितेंद्र काखेत पॅड मारून आला. तो लग्ना-हळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत आहे. पॅडवर काठी मारली, की आतून ढोलकी, ताशा, हवा तो आवाज निघतो. आता मात्र नुसता दिवा लागत होता. मागोमाग त्याचे वडील शिवाकाका आले आणि उजवा हात छातीशी धरून दाराशी बसले.

"आंटी, परवा माझ्या लेकीची, अक्षदाची हळद आहे. पोरीच्या हळदीला बापाचंच पॅड बंद! नेटवरून कंपनीची फाइल घ्या, मारा आणि चालू करा ना."

"आत तुझं स्वतःचं काही आहे का रे?"

हितेंद्रने आवाज खाली आणला. "बाबांची ढोलकी आहे. हात लुळा पडायच्या आधी मी त्यांची थाप न् थाप रेकॉर्ड करून आत भरली होती. कॉपी काढायची राहिली."

"आणि वरून सरसकट फाइल मारायला सांगतोस? सगळं पुसलं जाईल, वेड्या!"

आंटींनी पॅड उघडले, मी चिप धरली. एकदा वाचले. पुन्हा वाचले. जुळेना. चिमटा काढून परत लावला, तरी जुळेना. आंटी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय रे, तू पण थकलास?" मित्रांनो, ते मला फार लागले.

हितेंद्र हिरमुसला. "जाऊ द्या आंटी, पुसून टाका. पॅड तरी वाजू दे. बाबांना मी समजावीन."

शिवाकाका बाहेर बघत बसले होते. त्यांनी ऐकले होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होते.

आंटींनी भिंग लावले. चिपचे पाय पिवळे दिसत होते. त्यांनी नखाने खरवडून वास घेतला आणि त्यांना हसूच फुटले. "अरे, ही तर हळद! लग्नं लोकांची, आणि हळद लागली बिचाऱ्या चिपला!"

किती मांडवांत ते पॅड वाजले होते. नाचणाऱ्यांच्या हातांची तेलकट, ओली हळद फटींतून आत झिरपत राहिली होती आणि तिच्या थरामुळेच माझा चिमटा नीट बसत नव्हता. आंटींनी स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून एकेक पाय घासला. मी पुन्हा धरले. वाचले. पुन्हा वाचले. जुळले!

बिघाड चिपमधल्या, यंत्र चालवणाऱ्या लिखाणात होता. काकांची ढोलकी शेजारच्या कोपऱ्यात जशीच्या तशी होती. आंटींनी बिघडलेला भाग कंपनीच्या फाइलमधून घेतला आणि ढोलकी तशीच ठेवली. मग मी चिप पुसली. संगणकात प्रत होती, तरी जीव टांगणीला लागला होता. आंटींची किरकिर काय कामाची असते, हे मला तेव्हा कळले. मी सावकाश लिहिले आणि लिहिलेले पडताळून पाहिले.

हितेंद्रने पॅडवर काठीने ठेका धरला. ढोलकी खणखणीत वाजली!

दारातून काकांचा आवाज आला, "ह्यां कोण वाजवता रे? तिसरी थाप ढिली पडली."

"बाबा, तुमचीच थाप आहे ती."

काका उठून आत आले. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने पॅडवर टकटक केले. त्यांच्या उजव्या हाताची थाप खोलीभर घुमली. त्यांनी पुन्हा वाजवले, मग पुन्हा.

"हितू, अक्षदाच्या हळदीक पयली थाप मी मारतलंय," ते म्हणाले. हितेंद्रने मान वळवून डोळे पुसले.

आता आंटींकडे माझ्याहून चपळ धाकटा भाऊ आला आहे आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडून असतो. कधीतरी वाईट वाटते, नाही असे नाही. पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. काहीही पुसण्याआधी आत काय आहे ते वाचा. आपल्या माणसांचे तर आजच जपून ठेवा, उद्यावर टाकू नका. आणि कधी मला साफ करायला घेतलेत, तर माझ्या चिमट्याच्या एका दाताला अजून थोडी हळद दिसेल. ती वाचून झाली आहे, तरी पुसू नका.