लिम आंटींची डावखुरी रायफल

गार्गी सबनीस डावखुरी होती, आणि रायफल चालवणाऱ्या डावखुऱ्या माणसाचे हाल इतरांना सांगून कळत नाहीत. रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, उजव्या बाजूला असतो. डाव्या खांद्याला लावली की दर गोळीनंतर हात पलीकडे टाकून तो ओढावा लागतो, आणि काडतुसाची रिकामी पुंगळी नाकासमोरून उडून जाते. पुण्यात कॉलेजात असल्यापासून गार्गी हे निमूटपणे सोसत आली होती. सिंगापूरला पोस्टडॉक म्हणून आल्यावर ती इथल्या एका नेमबाजीच्या क्लबात जायला लागली, तर तिथल्याही सगळ्या रायफली उजव्या.

म्हणून २०१६ च्या ऑगस्टमध्ये क्लबच्या फळ्यावर तिला एक चिठ्ठी दिसली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. ‘डाव्या हाताची शिकारी रायफल. वापरलेली. विकायची आहे.’ खाली मरीन परेडचा पत्ता होता.

शनिवारी ती तिथे गेली. दार उघडलं ते सत्तरीच्या, बुटक्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या मिसेस लिमनी. गार्गीला बसवलं आणि काही न विचारता टेबलावरचं संत्रं उचलून तिच्याकडे फेकलं.

“झेल!”

गार्गीने ते झेललं. डाव्या हाताने.

“हं,” लिम आंटी म्हणाल्या, “तू खरी आहेस. तुझ्याआधी तिघे येऊन गेले. तिघेही उजवे. एकाला तर फक्त सुटे भाग हवे होते. सुटे भाग! माझ्या हेन्रीच्या रायफलचे!”

हेन्री लिम जमिनीची मोजणी करणारे सर्व्हेयर होते. दरवर्षी सुट्टीत न्यूझीलंडला हरणांच्या शिकारीला जायचे. एरवी रायफल इथल्या कायद्याप्रमाणे क्लबच्या शस्त्रागारातच असायची. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता क्लबचं पत्र आलं होतं : ऑक्टोबरअखेर कुणाच्या तरी नावावर झाली नाही, तर रायफल पोलिसांकडे जाईल आणि ते ती नष्ट करतील.

“मला पैशांचं काही नाही,” आंटी म्हणाल्या. “क्लब सांगेल ती किंमत दे. पण ती डाव्याच खांद्याला लागली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी क्लबात मिस्टर नाथननी रायफल बाहेर आणली. नाथन शस्त्रागार सांभाळायचे, बंदुकांची दुरुस्तीही करायचे. तीस वर्षं तेच काम. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताळून हाताळून गालापाशी काळपट झाला होता. गार्गीने रायफल खांद्याला लावली आणि बोल्ट ओढला. हात जिथे होता तिथेच बोल्ट होता. तिने तो पुन्हा ओढला, पुन्हा सारला. तिला हसूच आवरेना.

“तासभर हेच करणार आहेस?” नाथननी विचारलं.

“करू का?”

रायफलसोबत एक पत्र्याचा डबा होता. त्यात सात रिकाम्या पुंगळ्या. गार्गी विद्यापीठात धातूंना पडणाऱ्या तड्यांवर काम करायची. धातूचा तुकडा हातात आला की निरखून पाहायची तिला सवयच होती. तिने एक पुंगळी उचलली, आणि तिचं हसू ओसरलं. नळीवर ‘थर्टी-ऑट-सिक्स’ असं काडतुसाचं नाव कोरलेलं होतं, परवान्यातही तेच. ते काडतूस मानेकडे उतरत जातं. ही पुंगळी मात्र अंगाने भरलेली आणि खांद्याशी एकदम चौकोनी होती.

“म्हणूनच मी घेतली नाही,” शेजारच्या टेबलावरून निशिकांत दळवी म्हणाला. तो हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत होता, क्लबातला जुना मेंबर. “कुणीतरी हिचं चेंबर, काडतूस बसतं ती पोकळी, कोरून मोठं केलंय. आता हिला कुठलं काडतूस लागतं, देव जाणे. चुकीचं घातलंस तर फुटेल. नाद सोड, गार्गी.”

नाथननी मान हलवली. “लिमसाहेबांनी परदेशात काम करून घेतलं असणार. कागदावर नोंद नाही. काडतूस कुठलं ते कळल्याशिवाय मी ही कुणाच्या नावावर करू देणार नाही.”

घरी तिने नवऱ्याला, वरदला, सगळं सांगितलं. तो जुरोंग आयलंडवर एका कारखान्यात इंजिनियर होता. नुकताच कंपनीच्या बसमधून उतरून आला होता आणि पास अजून गळ्यातच होता.

“दुसरी बघ ना,” तो म्हणाला.

“डाव्या हाताची? सिंगापुरात?”

वरदने पास काढून खुंटीला अडकवला आणि जरा विचार केला. “मग मोज. आमच्याकडे पाइपचं आतलं माप घ्यायचं असलं की साचा काढतात. तू तर धातूवालीच आहेस.”

गार्गी त्याच्याकडे बघतच राहिली. हे तिला आधी सुचायला हवं होतं! कढत पाण्याच्या उष्णतेनेसुद्धा वितळतो असा एक मिश्रधातू असतो. तो चेंबरमध्ये ओतायचा, घट्ट झाला की बाहेर ढकलायचा. आतल्या पोकळीचा हुबेहूब ठसा हातात येतो.

तो धातू मागवून मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला, आणि गार्गीची आईही आली. विमलताई नवरात्रापर्यंत लेकीकडे राहणार होत्या. रविवारी गार्गी क्लबात निघाली तशा त्याही पायात चपला सरकवून तयार झाल्या.

“तू काय करणार तिथे, आई?”

“घरात बसून तरी काय करणार? चल.”

नाथननी पँट्रीतून उकळत्या पाण्याची किटली आणली. गार्गीने नळीत आतून कापडाचा बोळा बसवला, वाटीतला धातू पाण्यावर वितळवला आणि चांदीसारखी धार चेंबरमध्ये सोडली. विमलताई बाजूच्या स्टुलावर बसून बघत होत्या.

“डाव्या हाताने ओततेस,” त्या म्हणाल्या.

“हो. मग?”

“काही नाही. तू लहान असताना मी तुझ्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायचे. चमचाही. तू परत डाव्यात घ्यायचीस, मी परत काढायचे. एकदा तर चापट मारली होती.”

“मला नाही आठवत.”

“मला आठवतं ना. मला वाटायचं, लोक नावं ठेवतील. काय चुकत होतं तुझं? काही नाही.”

गार्गीच्या दोन्ही हातांना बंदुकीचं तेल लागलेलं होतं. तिने कोपरानेच आईला जवळ ओढलं. “अगं, त्यामुळे मला उजव्या हाताने कुलूप उघडता येतं. वरदला एका हाताने धड एक काम होत नाही.”

विमलताईंनी डोळे पुसले आणि त्या हसल्या.

धातू घट्ट झाल्यावर नाथननी पुढून सळई घालून ठसा हलकेच ढकलला. गुळगुळीत, चकचकीत ठसा गार्गीच्या तळहातावर येऊन पडला. पण तो लगेच मोजायचा नव्हता. हा धातू आधी आकसतो आणि तासाभराने बरोबर मापाला येतो. तो तास कुणालाच सरेना. निशिकांत तीनदा येऊन “झालं का?” विचारून गेला. शेवटी गार्गीने माप घेतलं आणि नाथननी आपलं जाडजूड, तेलाचे डाग पडलेलं पुस्तक उघडलं. बोट एका आकृतीवर थांबलं.

“हे बघ. काडतूस तेच, थर्टी-ऑट-सिक्स. फक्त चेंबर रुंद केलंय, म्हणजे पुंगळीत दारू जास्त मावते. जुन्या शिकाऱ्यांची आवड. याची गंमत माहीत आहे? नेहमीचं काडतूस यात घालून उडवायचं. उडताना ते चेंबरभर फुगतं आणि बाहेर येतं ते नव्या आकाराचं.”

“म्हणजे दुकानातलं साधं काडतूस चालेल?” निशिकांतने विचारलं.

“कारागिराने चेंबरची खोली नीट राखली असेल तरच.”

नाथननी ड्रॉवरमधून मापाचे पोलादी तुकडे काढले. एकावर बोल्ट बंद व्हायला हवा होता, दुसऱ्यावर व्हायला नको होता. पहिल्यावर झाला. दुसऱ्यावर नाथननी बोटाने हलकेच दाब दिला. बोल्ट अडला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ज्याने केलं,” ते म्हणाले, “त्याचे हात मला बघायला आवडले असते.”

निशिकांत रायफलकडे बघत म्हणाला, “मी जन्माने उजवा आहे याचं पहिल्यांदाच वाईट वाटतंय.”

नव्या नोंदीसह अर्ज पोलिसांकडे गेला. परवाना आला तो नेमका नवरात्राच्या शेवटी. विमलताईंनी कॅलेंडर पाहिलं.

“उद्या खंडेनवमी. शस्त्राची पूजा केल्याशिवाय हात लावायचा नाही.”

“आई, क्लब आहे तो. तिथे हळदकुंकू कसं चालेल?”

पण दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराच्या दारापाशी पोचल्यावर गार्गी थबकली. दाराला झेंडूची माळ होती. आत लेथ मशीनला, पान्यांना, अगदी त्या किटलीलाही चंदन-कुंकवाचे ठिपके लावलेले, आणि नाथन कपाळाला विभूती लावून केळी मांडत होते.

“आज आमची आयुधपूजा,” ते म्हणाले. विमलताईंच्या हातातली पिशवी बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. “या, अम्मा. तुमची रायफल कुठे ठेवू?”

विमलताईंना त्यांचं इंग्रजी अर्धंच कळलं, पण बाकी सगळं कळलं. त्यांनी दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. लिम आंटी ठेवणीतला फुलाफुलांचा झगा घालून आल्या होत्या. त्यांनी रायफलपाशी एक संत्रं ठेवलं.

पहिली गोळी हाताने उडवायची नाही, असा नाथनचा हुकूम होता. त्यांनी रायफल वाळूच्या पोत्यांत जखडली, चापाला लांब दोरी बांधली आणि सगळ्यांना भिंतीमागे नेलं. दोरी कुणी ओढायची? गार्गीने ती लिम आंटींच्या हातात दिली.

धाड!

नाथननी बोल्ट उघडला. पुंगळी बाहेर आली ती भरलेल्या अंगाची, चौकोनी खांद्यांची. गार्गीने भिंग लावून ती फिरवून फिरवून पाहिली. कुठे तडा नाही, ओरखडा नाही. तिने मान डोलावली आणि आंटींनी टाळ्याच वाजवल्या.

मग गार्गी जमिनीवर पालथी झाली. डावा खांदा, डावा गाल, डावा डोळा. शंभर मीटरवर कागद. पहिल्या गोळीनंतर तिचा हात सवयीने पलीकडे जायला निघाला आणि हवेतच थांबला; मागे उभा असलेला वरद मोठ्याने हसला. दुसऱ्या गोळीपासून हाताला कळलं. पुंगळ्या नाकासमोरून न जाता बाहेरच्या बाहेर टणाटण पडू लागल्या. पाच गोळ्या कधी संपल्या ते तिला समजलंही नाही.

कागद आणला तेव्हा एक छिद्र थोडं बाजूला होतं. उरलेली चार एकमेकांना लागून, एका बांगडीत मावतील अशी.

“एक का चुकली?” विमलताईंनी विचारलं.

“आई!”

“विचारलं नुसतं.”

लिम आंटींनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि छिद्रांतून पलीकडे पाहिलं. “हेन्रीची पाचातली दोन चुकायची,” त्या म्हणाल्या. “आणि दोष तो वाऱ्याला द्यायचा.” मग कागदाची घडी करून त्यांनी ती पर्समध्ये टाकली, कुणालाही न विचारता.

दुपारी सगळे हॉकर सेंटरला जेवायला गेले. नाथनही आले, निशिकांतही. आंटी विमलताईंना हेन्रीच्या शिकारीच्या गोष्टी इंग्रजीतून सांगत होत्या, विमलताई मराठीतून “हो का? मग?” म्हणत होत्या, आणि दोघींचं छान चाललं होतं.

मध्येच विमलताईंनी गार्गीला कोपर मारलं.

“त्या नाथनना विचार गं, या क्लबात मेंबर व्हायला वयाची काही अट असते का?”