साताऱ्याला निघालेली घोंगडी

सांगलीत शरयूचं दुकान म्हणजे तिच्या घराच्या माडीवरची एक खोली. दारावर पाटी नव्हती. मासिकात छोटीशी जाहिरात द्यायची आणि गिऱ्हाइकाचं कार्ड आलं की घोंगडं कापडात शिवून व्ही.पी.नं, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायच्या पार्सलानं, पाठवायचं. घोंगडी यायची आटपाडीकडून. सुलाबाई लोकर कातायच्या, त्यांचे यजमान बिरदेव मागावर विणायचे.

ही नव्वदनंतरची गोष्ट. एका वर्षी शरयूनं दिवाळी अंकात हौसेनं छापलं, 'टपालखर्च आमच्याकडे.' कार्डं भराभर आली. पहिलं पार्सल घेऊन ती पोस्टात गेली, तर दर वाढलेले. घोंगडं पडलं वजनदार. तिला सुटणारे चार पैसे तिथल्या तिथेच संपत होते.

"लोकांकडून वाढीव खर्च मागून घे," तिचा नवरा गंगाधर म्हणाला.

"छापून बसलेय मी. आता कुठल्या तोंडानं मागू?"

"मग बिरदेवांना थोडं कमी द्यायचं."

"ते तर मुळीच नाही."

ती पुन्हा कार्डं चाळायला बसली. नागपूर, नाशिकची मोजकीच होती. बाकीची सगळी सातारा, वाई, लोणंदची. साताऱ्याच्या भार्गवीबाई, निवृत्त शिक्षिका, तिच्या जुन्या गिऱ्हाईक. शरयूनं एसटीडी बूथवरून त्यांना फोन लावला.

"बाई, तुमच्या भागातल्या लोकांची घोंगडी एसटीनं आणून तुमच्याकडे ठेवली तर चालेल का? लोक येऊन घेऊन जातील."

"ठेवता कसली? तुम्हीच या रविवारी. पत्ते सांगा, मी सगळ्यांना कळवते. आणि जेवायलाच या हं!"

बिरदेव घोंगडी घेऊन सांगलीला आले, ते सुलाबाईंना बरोबर घेऊनच. त्यांना सातारा बघायचं होतं. गठ्ठे गाडीच्या टपावर चढताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, घर हलवताय काय?"

"व्हय, साताऱ्याला निगालंय. त्येचंबी तिकीट फाडा!" सुलाबाई म्हणाल्या, आणि गाडी हसली. सामानाचं तिकीट त्यानं खरंच फाडलं. तरी टपालापेक्षा पुष्कळ स्वस्त पडलं.

भार्गवीबाईंच्या ओसरीवर माणसं आधीच जमली होती. बाईंनी आतून त्यांचं जुनं घोंगडं आणलं. सुलाबाईंनी ते ओढून घेतलं, काठ उलटून पाहिला आणि ओरडल्याच, "आवं, हे आमचंच हाय! बगा की!"

बिरदेवांनी काठावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"इतकी वरसं घोंगडी इकली," सुलाबाई शरयूला म्हणाल्या, "पन ती पांघरल्यालं मानूस कवा बगितलं न्हवतं."

ते माणूस लगेच बघायला मिळालं. वाईहून वल्लरी नावाची सून सासऱ्यांना घेऊन आली होती. सासऱ्यांनी भर दुपारी नवं घोंगडं अंगावर घेतलं आणि ते काही केल्या काढेनात. घाम निथळतोय, तरी तसेच पंगतीला बसले.

"मामंजी, उकडत नाही का?"

"उकडू दे. काढून ठेवलं तर कुणी दुसऱ्याला देऊन टाकेल!"

सुलाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. वाढायला आलेल्या भार्गवीबाईंना हातातली आमटी खाली ठेवावी लागली. लोणंदच्या एकानं नातवासाठी लहान घोंगडी सांगितली. ते ऐकून आणखी तिघांना आपापली नातवंडं आठवली. बिरदेव वितीनं मापं घेत राहिले.

संध्याकाळी गठ्ठे संपले होते. लांबच्या पार्सलांना टपाल भरूनही आता शरयूला पुरत होतं. पुढच्या जाहिरातीचा मजकूर तिनं परतीच्या गाडीतच ठरवला: लांबच्यांना टपालखर्च वेगळा, साताऱ्याकडच्यांनी रविवारी जेवायला यावं.

"जेवणाचं भार्गवीबाईंना विचारलंस का?" घरी आल्यावर गंगाधरनं विचारलं.

"त्यांनीच सांगितलंय."

सुलाबाई ओटीत मिळालेला खण उलगडून बघत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "ताई, ती वाईची सून 'घरी या' म्हनलीया. मग वाईला कवा जायचं?"