खुर्चीवरची टोपी

माझा पुतण्या बसलिंग पायलटचं लायसन घेऊन आला अन् दोन वर्षं घरी बसला. विमान कंपन्यांना ढीगभर पत्रं धाडली. एकीनंबी उत्तर दिलं न्हाई.

त्र्याण्णव साली गंगाखेडला रोजगार मेळावा भरला. एका टेबलावर विमान कंपनीची पाटी अन् मागं रिकामी खुर्ची. मी खिडकीतूनच बसलिंगची टोपी खुर्चीवर टाकली. एसटीत आमी असंच सीट धरतो. खुर्ची कुणाची, ते मी कशाला बघू?

बसलिंग तिथं बसला, तर समोर रांग लागली. लोक अर्ज देऊ लागले, हा घेऊ लागला.

दुपारी एक सुटाबुटातला माणूस आला. धरलेल्या खुर्चीसाठी त्यानं हुज्जत घातली न्हाई, मुकाट रांगेत थांबला. नंबर आल्यावर म्हणाला, "मी या कंपनीचा साहेब. पायलट घ्यायला आलोय."

"विमान चालवता येतं?" बसलिंगनं विचारलं.

"नाही."

"मग अर्ज ठेवून जा. कळवू."

साहेबानं अर्ज लिहून दिला. आता दर महिन्याला त्याचं पत्र येतं, माझ्या अर्जाचं काय झालं म्हणून. मी म्हणतो, बाबा, एक ओळ तरी लिही.

बसलिंग म्हणतो, "काका, विमान कंपनीत तशी पद्धत नसते."