मागच्या दाराची काच

गोकुळच्या गाडीच्या तीन काचा लखलखीत होत्या आणि चौथी, मागच्या डाव्या दाराची, वरून खालपर्यंत रेघोट्यांनी भरली होती. माणसानं रागवावं तरी किती? रोज एक नवी रेघ! सकाळी उठून त्या काचेकडे पाहिलं की त्याच्या तोंडचा चहा कडू व्हायचा.

गाडी जुनीच घेतलेली, पण घेतली एका हट्टापायी. त्याच्या आईचे, आशाबाईचे, गुडघे गेले होते. एसटीची पायरी तिला चढवेना. खालून कोणीतरी ढकलायचं, वरून कंडक्टर खेकसायचा. "माह्या मायले आता कोणी ढकलणार नाई," असं गोकुळ डोणगावच्या चौकात चारचौघांत बोलून बसला आणि पुढच्याच महिन्यात गाडी दारात उभी केली. आशाबाईची जागा ठरलेली, मागच्या डाव्या खिडकीशी. तिला गाडी लागायची, म्हणून रस्ताभर हँडल फिरवून काच खाली-वर करणं चालायचं. ओळखीचं माणूस दिसलं की हात बाहेर काढून, हिरव्या बांगड्या वाजवून हाका मारायची. अख्ख्या डोणगावाला कळायचं, आशाबाई निघाली.

गोकुळ शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. काचेच्या नळ्या धुता धुता केस पिकायला लागलेले, त्यामुळं काचेतलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही अशी त्याची पक्की समजूत. आधी त्यानं गल्लीतल्या पोरांना झापलं. मग बायकोवर घसरला, की कोरड्या फडक्यानं पुसलं असशील, धूळ घासली असशील.

"मी हात बी लावत नाई तुमच्या गाडीले," मंजुश्री म्हणाली. "तिची आरती तुमीच ओवाळा."

मग रविवारी गडी स्वतःच दुरुस्तीला बसला. मोबाईलवर कोणीतरी सांगितलं होतं, टूथपेस्टनं घासा. अर्धी ट्यूब संपली, दंड भरून आले, दाराला पुदिन्याचा वास सुटला आणि रेघा जिथल्या तिथं. मग काच घासायची भुकटी मागवली, पाण्यात कालवली, ड्रिल मशीनला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, चकती लावून भिडला. तासाभरानं काच पुसून पाहतो तर रेघा आहेतच, वरून सगळी काच धुरकट! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, दुसरं काय.

शेजारचा प्रेम कुंपणाला टेकून मजा पाहत होता. "गोकुळभाऊ, हे तर न्हाणीघराची काच झाली ना बे!"

नेमकी त्याच वेळी आशाबाई भिंत धरत धरत ओट्यावर आली. "गोकुळ, उद्या अमडापूरले जायाचं ना? माह्या भाच्याच्या पोराचं बारसं हाय."

झालं, भडका उडाला. "कशात जाशीन? काय ठेवलं तू गाडीचं? सारखी काच खाली, काच वर, अन् बांगड्या घासत बसते! तुह्याच बांगड्यांनं झालं हे सारं. आजपासून त्या काचेले हात लावायचा नाई!"

आशाबाईनं आपल्या मनगटाकडं पाहिलं. "बापा, बांगडी बी काचेचीच. बांगडी फुटली असती, त्या जाड काचेवर रेघ काऊन पडंल?"

"आता तू मले शिकवू नको!"

प्रेम मान खाली घालून हळूच सटकला. आशाबाई भिंत धरत आत गेली.

सकाळी गोकुळ उठला तर आई घरात नाही. शेषराव, त्याचे वडील, ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. "गेली पहिल्या एसटीनं," ते म्हणाले. "मीच बसवून आलो. दोघातिघांनी ढकललं तव्हा चढली."

ते 'ढकललं' गोकुळच्या काळजात रुतलं. पण राग असा सहजासहजी उतरतो होय? माझं काय चुकलं, गाडी माझी, काच माझी, असं पुटपुटत त्यानं पेचकस घेतला. काचेच्या तळाशी जी रबरी पट्टी असते तिच्यात खडा अडकला तरी रेघा पडतात, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि पट्टी काढायच्या कंटाळ्यानं सोडून दिलं होतं. पट्टी एका कोपऱ्यात सुटलेलीच होती. तिथून उचकटली, ब्रश फिरवला, तर सोयाबीनच्या भुश्यासोबत एक काळं काहीतरी टपकन हातात पडलं.

बिब्ब्याची अर्धी फोड. तिच्यात आरपार टोचलेली सुई, टोक काचेकडं.

गोकुळला घाम फुटला. गाडी आणली त्या दिवशी भावकीचे डोळे त्यानं पाहिले होते. नजर लागली तर? पण बंपरला लिंबू-मिरची बांधावी तर विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला माणूस, शाळेतले मास्तर हसतील. म्हणून कोणाला दिसणार नाही असा बिब्बा त्यानं स्वतः तिथं खुपसला होता. मुद्दाम त्याच दारात, कारण नजर लागायची ती खिडकीत मिरवणाऱ्या आईलाच. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जागेवर दिसला नाही, तेव्हा रस्त्यात पडला असेल म्हणून विसरून गेला; तो पट्टीच्या आत घसरला होता. बिचारी आई हँडल फिरवत राहिली आणि सुई ओरखडत राहिली. आता ओरडायचं कोणावर?

दुपारी तो अमडापूरला पोचला. पाळण्याभोवती बायांची गर्दी, आशाबाई एका बाजूला सुजलेला गुडघा लांब करून बसलेली. गोकुळ वाकून तिच्या कानाशी लागला. "माय, काच मीच खराब केली. बिब्बा ठेवला होता मी, सुई टोचून."

"तू? बिब्बा?"

"हाव. हळू बोल ना!"

ती हसली, बारसं आटोपल्यावर उठली, निमूटपणे गाडीशी आली. सुटलो बुवा, असं गोकुळला वाटलं. पण आपल्या जागेवर बसल्यावर आशाबाईनं पिशवीतून रुमाल काढला, बांगड्यांभोवती गुंडाळला आणि दातांनी गाठ आवळली.

"हे काऊन? सांगितलं ना तुले, बांगड्यांनं नाई झालं!"

"सांगितलं ना. बोलला तू प्रेमसमोर, अन् सांगितलं माह्या कानात." तिनं हात मांडीवर ठेवला. "चाल आता."

रस्ताभर तिनं काच खाली केली नाही. मळमळलं तेव्हा पदर तोंडाला लावला. गोकुळनं दोनदा म्हटलं, काच खाली कर, दोन्ही वेळा "राहू दे" एवढंच आलं. डोणगावच्या चौकात ओळखीची माणसं दिसली, तिचा हात सवयीनं उचलला गेला आणि तसाच परत मांडीवर आला. आरशात गोकुळनं ते पाहिलं. आपणच आणलेल्या गाडीत आपली माय चोरासारखी बसली आहे, हे त्याला सोसवेना.

त्यानं भर चौकात ब्रेक मारला. चहाच्या टपरीवर प्रेम उभा होता.

"प्रेम! इकडं ये बे! काच मायनं नाई खराब केली. मी केली! नजर लागू नाई म्हणून सुईचा बिब्बा खुपसला होता मीच, अन् बोलणं बसलं तिले!"

चौक असा हसला म्हणता! "विज्ञानवाले साहेब, बिब्बा का?" कोणीतरी ओरडलं. शाळेतले दोन मास्तरही त्यात होते. गोकुळचे कान लाल झाले.

मागून आशाबाईनं हँडल फिरवलं. धुरकट काच खाली गेली आणि रुमालात बांधलेला हात बाहेर आला.

"सोड आता हे. माह्या दातानं नाई सुटत."

गाठ पक्की बसली होती. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, लोक हसत होते, आणि गोकुळ रस्त्यात उभा राहून नखांनी गाठ उकलत होता. डोळे भरल्यामुळं त्याला ती धड दिसतही नव्हती.