एका माणसाची मोटार

आप्पांनी स्कूटरचं इंजिन उतरवलं तेव्हा सगळ्या गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. आता त्या जागी विजेची मोटार बसवायची होती. मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पहिलाच प्रश्न विचारला, "वजन किती धरू? एकटेच ना?"

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, पण इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं.

"एकटाच," आप्पा म्हणाले आणि उगाचच मागे वळून पाहिलं.

एकट्यापुरती लहान मोटार ठरली. शिशाच्या बॅटऱ्या जड म्हणून बाद झाल्या. लिथियमची छोटी पेटी पायाशी बसली. कारागिराने चक्कर मारली. झकास. मग आप्पा बसले आणि करंटचा काटा थेट दुपटीवर गेला.

"आप्पा, खिशात दगड भरलेत का?"

"रुमाल आहे."

कारागिराने ब्रेक तपासले, बेअरिंग बदललं, हवा भरली. तो बसला की काटा शहाण्यासारखा वागे. आप्पा बसले की दुप्पट. सूनबाईने वजनकाटा आणून आप्पांना उभं केलं. ते उलट घटले होते.

"शिवाय तुम्ही बसलात की गाडी डावीकडे ओढते," कारागीर पुटपुटला.

आप्पांची बायको मागे डावीकडे पाय सोडून बसायची.

"अशीच चालवाल तर मोटार जळेल," कारागीर म्हणाला. "दोघांची मोटार घालू. तिला बॅटरीही मोठी लागेल."

"घाल की मग."

"पेटी पायाशी मावायची नाही. मागची सीट काढावी लागेल."

आप्पा सीटकडे बघत राहिले. तिला ओढायची ताकद आणायची, तर तिलाच उठवायचं. असला नियम सरकारलाही सुचला नसता.

"सीट राहू दे."

"मग चढ विसरा."

"ते आमचं आम्ही बघू."

'आमचं' ऐकून कारागिराने पान्हे जरा घाईनेच गोळा केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चढाच्या मध्यावर मोटार तापल्याचा वास आला. आप्पा उतरले आणि हँडल धरून, किंचित करंट देत, गाडीच्या बाजूने चालू लागले. रिकामी गाडी हलायला जेमतेम करंट पुरायला हवा होता. काटा मात्र बरोबर एका माणसावर स्थिरावला.

मागून एक सायकलवाला आला. "काका, बॅटरी संपली?"

"नाही, भरपूर आहे."

"मग बसा की वर!"

"दोघांना ओढत नाही हो."

सायकलवाल्याने मागच्या सीटकडे पाहिलं. उरलेला चढ त्याने, माणसाला सहसा जमत नाही अशा वेगाने, संपवला.

माथ्यावर पोचल्यावर आप्पांनी घाम पुसला. मग गाडीवर बसले. बसताना थोडे पुढे सरकून.