लव्हाळ्याचं खाचर

"नाचू नका हो, साहेब! तुम्ही पाय आपटलेत म्हणून काय ती वर जाणार आहे?" डेल्मिरा वैतागून म्हणाली.

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्येच लटकली होती. आत दोघंच. डेल्मिरा, गेली चोवीस वर्षं हीच लिफ्ट वरखाली करणारी, आणि पाचव्या मजल्यावरचे वकील बाल्देरामा. तिची आज अर्ध्या दिवसाची रजा होती. एक वाजता स्टूल उचलून ती निघालीच होती, तेवढ्यात वकीलसाहेब फायली सावरत धावत आले. "एवढं मला वर सोड गं, मग जा." आणि जन्मात कुणाला नाही न म्हटलेल्या बाईने जाळीचं दार ओढून घेतलं. आता भोगा!

"पडणार नाही ना गं ही?"

"पडली तर पेपरात नाव येईल तुमचं. बसा खाली."

वकील मुकाट्याने फायलींवर बसले. डेल्मिराने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. तीन वाजता वान्चाकोला, तिच्या माहेरच्या गावी, समुद्राकाठच्या तळ्यांवर लव्हाळ्याच्या खाचरांसाठी नावं पुकारली जाणार होती. ज्याचं खाचर, त्याच्या घरचं माणूस कोयता घेऊन पाण्यात उभं पाहिजे. तीन हाका देतात. कुणी नसलं की खाचर दुसऱ्या कोळ्याला. बाबांचे गुडघे गेलेले, पाण्यात उतरणं कसलं, खुर्चीतून उठवत नव्हतं. भाऊ चिलीत जाऊन बसला, तो तिकडचाच झाला. उरली डेल्मिरा. त्या लव्हाळ्याच्या होड्या बांधून सात पिढ्या दर्यावर गेल्या, ते खाचर तिच्या वेळी जाणार की काय?

"तू घाबरत कशी नाहीस?" वकिलांनी विचारलं.

"राग आलाय मला. रागात भीती कुठली सुचतेय?"

भीती तिची आठव्या वर्षीच संपली होती. बाबांनी तिला लव्हाळ्याच्या होडीवर पुढे बसवलं होतं. त्या होडीला गावात घोडाच म्हणत. पहिल्या लाटेने तिला उलथी केली. नाकातोंडात खारं पाणी, गुडघे सोललेले. काठावरून आई ओरडत होती, "मेल्या, पोरीला मारतोस का?" बाबा फक्त घोडा सरळ करायचे आणि म्हणायचे, "चढ." अकरा वेळा पडली. अकराही वेळा चढली. बाराव्या खेपेला मागून लाट आली, घोडा अलगद उचलला गेला आणि जो सुटला तो थेट वाळूपर्यंत! डेल्मिरा आनंदाने किंचाळत होती, आणि कधी न हसणारे बाबा पोट धरून हसत होते.

तेव्हापासून तिने कशाचा म्हणून हात सोडला नाही. दारुड्या नवऱ्याचा त्याच्या मरणापर्यंत सोडला नाही, आणि या लिफ्टचाही नाही. लोक कौतुक करायचे, काय चिवट बाई आहे म्हणून. आज त्या चार बाय चारच्या पेटीत, वकिलाच्या घामाच्या वासात, तिला पहिल्यांदाच वाटलं, आपण चिवट कसल्या, आपल्याला उतरताच येत नाही. तिने जाळी धरून गदागदा हलवली. "अरे, कुणी आहे का मेलं तिकडे!"

मिस्त्री आला तो चार वाजता.

बस गच्च भरलेली होती. तळ्यावर ती धापा टाकत पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. माणसं पांगली होती. बाबा बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि शेजारचा नोल्बर्टो अवघडून उभा होता.

"लिफ्ट अडकली, बाबा! थोडं थांबायचं तरी त्यांनी!"

"थांबत होते," बाबा म्हणाले. "म्हणाले, पोरगी येईल, सहापर्यंत थांबू. मीच म्हटलं, नको. नोल्बर्टोचं नाव घाला."

"तुम्ही?" तिचा आवाज चिरकला. "मला विचारलंत? रोज पहाटे येऊन केलं असतं मी सगळं!"

"केलं असतंस. मरेस्तोवर केलं असतंस. तिकडची नोकरी, इकडचा चिखल, वर मी म्हातारा. तुला नाही म्हणता येत नाही, बाय. म्हणून मी म्हणून टाकलं."

डेल्मिराला रडू कोसळलं. बाबांचा इतका राग तिला कधीच आला नव्हता, आणि त्या रागाखाली कुठेतरी हायसं वाटत होतं, याची तिला जास्त लाज वाटली. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. अंगठ्याने ते कोयत्याची धार चाचपत होते.

खाचर दुसऱ्याला गेलं तरी त्यातलं उभं पीक जुन्या घराचं, ही तिथली रीत. डेल्मिराने डोळे पुसले, बूट काढले, गणवेशाचा स्कर्ट वर खोचला आणि बाबांच्या मांडीवरचा कोयता उचलला.

"ताई, राहू दे, मी कापून आणून देतो घरी," नोल्बर्टो म्हणाला.

"नाही," डेल्मिरा म्हणाली. "आमचं आम्ही कापू."

ती कंबरभर पाण्यात शिरली. डाव्या हाताने लव्हाळ्याची मूठ धरायची, बुडाशी कोयता घालायचा, पेंढी बांधावर टाकायची. नोल्बर्टोने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि शेवटची पेंढी बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.